लेकीसाठी नगरला खोली शोधली, त्या दोन फेऱ्या

या ब्लॉगवर एरवी किल्ले, घाट आणि मोटारसायकलची बडबड असते. या वेळचा प्रवास जेमतेम पासष्ट किलोमीटरचा आहे. काष्टी ते नगर, एसटीनं, आणि तोही दोनदा. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं. माझी लेक ऋतुजा हिचा बी. फार्मसीला प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत तिथल्या एका कॉलेजात नंबर लागला आणि कॉलेज सुरू व्हायला नऊ दिवस उरले. रोज जाऊन-येऊन करावं असं माझं म्हणणं. त्यावर घरात तीन दिवस चर्चा झाली. चर्चा म्हणजे मी बोलायचो, मायलेकी ऐकून घ्यायच्या आणि ठरायचं ते त्यांचंच.

"प्रॅक्टिकल पाचला सुटनार, घरी यायला साडेसात, परत पहाटं पाचला उठायचं. तुमी आठ दिवस करून दाखवा, मग मी करते," असं ऋतुजा म्हणाली. मी शाळामास्तर, माझी शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर. त्यामुळे मान्य केलं. खरं सांगायचं तर अंतराचं कारण मी उगाच पुढं केलं होतं. ती घरातून जाणार, याचंच मला वाईट वाटत होतं.

निघालो तो नेमका काष्टीच्या बाजाराचा दिवस. स्टँडवर ही गर्दी. दौंडकडून आलेल्या गाडीत कसंबसं चढलो. प्रवास दीड ते दोन तासांचा, तिकीट शंभराच्या थोडं वर, आणि बायकांना अर्धं. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, "कॉलेजला का?"

"खोली बघायला," ऋतुजा म्हणाली.

"मग स्टेशनाच्या अंगाला बघा. आमच्या गाड्या तिथनंच जात्यात. आईची आठवन आली की बसायचं गाडीत."

ती हसली. खिडकीतून उसाचे फड मागं जात होते आणि ती फोनवर खोल्यांची यादी वाचत होती. मी आपला मधूनमधून तिच्याकडे बघत होतो.

नगरला उतरल्यावर चहा आणि वडापाव घेतला. आता जे आपल्या मुलांसाठी खोली शोधायला जाणार आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. एजंटाच्या नादी लागू नका, एका महिन्याचं भाडं त्यालाच जातं. कॉलेजच्या आसपासच्या गल्ल्यांतून पायी फिरा, फाटकांवर पाट्या असतात. पाणी रोज येतं की दिवसाआड ते विचारा, टाकी स्वतः वर जाऊन बघा. मुलीसाठी बघत असाल तर दाराची आतली कडी ओढून बघा. घर पाहावं बांधून म्हणतात, पण भाड्याची खोली शोधणंही काही कमी नाही.

कंडक्टरचं ऐकून आधी स्टेशनच्या बाजूला गेलो. एका हॉलमध्ये सहा कॉट, सहा कपाटं आणि एक खिडकी. ती उघडली की समोर शेजारची भिंत. मालक रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी एकच अट सांगितली, "साडेआठच्या आत आलं पाहिजे." कॉटचं भाडं बावीसशे. ऋतुजानं खिडकी उघडली, भिंत बघितली आणि परत लावली. मी म्हणालो, "अभ्यासात लक्ष लागेल, बाहेर बघायला काही नाही." ती म्हणाली, "मग कॉटवर तुमीच ऱ्हावा." कॉलेजही तिथून लांब, रोज दोन रिक्षा.

मग सावेडीकडे आलो. कॉलेज त्या बाजूला. दुमजली घर, फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे, फक्त मुलींसाठी' अशी पाटी. मालकीणबाई दार अर्धं उघडून उभ्या राहिल्या.

"आडनाव?"

"जाधव."

"जाधव म्हणजे कुठले?"

"काष्टीचे."

"तसं नाही हो. म्हणजे तुमच्यात..."

जाधव मराठ्यांतही आहेत आणि आमच्यातही. त्यामुळे नुसत्या आडनावावर विचारणाऱ्याचं भागत नाही, पुढचा प्रश्न येतोच. मी सांगितलं, "आम्ही बौद्ध." बाई म्हणाल्या की त्यांना त्यात काहीच नाही, पण घरात सासूबाई आहेत, आणि तशी खोली आज सकाळीच एकांना बोललेली आहे. आम्ही पाटीखालूनच बाहेर पडलो. ऋतुजा म्हणाली, "चला पप्पा, कपडे वाळत घालायलापन जागा नव्हती." ती मला समजावत होती.

त्यानंतरच्या घरातल्या बाईंनीही तेच ऐकवलं, फक्त तिथं सासूबाईंच्या जागी भाऊ होते. नोकरीच्या पहिल्या गावात मी स्वतः असा महिनाभर फिरलो होतो. तेव्हा एकटा होतो, राग यायचा आणि जायचा. लेक शेजारी उभी असताना तेच ऐकणं वेगळं.

दीडच्या सुमाराला चौथं घर सापडलं. दारात साठीच्या बाई शेंगा निवडत बसल्या होत्या. मूळच्या पारनेर तालुक्यातल्या, राळेगणच्या जवळच्या एका गावच्या. यजमान वारलेले, मुलगा सुप्याला कंपनीत आणि तिथंच राहतो. घरात त्या एकट्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग किल्ली. गच्चीवरची खोली होती. दोन खिडक्या, एक लाकडी टेबल, बाहेर तुळस आणि कढीपत्ता, कॉलेज चालत आठ मिनिटं. भाडं तीन हजार. लाईटबिलाचं विचारलं तर म्हणाल्या, "ते माझ्याकडंच ऱ्हाऊ दे. एकटं लेकरू किती जाळनार?" ऋतुजानं खुर्ची ओढली, टेबलाशी बसून बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं बसून बघितलं. दोन्हीकडून उजेड येत होता. तिनं मला नुसतं बघून सांगितलं की हीच.

खाली आलो तर काकूंनी पानं वाढलेली. पिठलं, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. "जेवल्याबिगर जाऊ नका, लांबचं आलाय," म्हणाल्या. पिठलं फारच चवदार होतं. ऋतुजाला त्या म्हणाल्या, "रातचं भ्या वाटलं तर खाली येऊन झोपत जा. मलाबी सोबत हुईल." आणि भाकरीचा दुसरा चतकोर माझ्या ताटात टाकताना त्यांनी विचारलं, "पाव्हनं कुठलं तुमचं?"

आमच्या भागात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. सोयरीक कुठं झाली आणि कुणाकडं झाली ते सांगितलं की ऐकणाऱ्याला सगळं समजतं, जात वेगळी विचारावी लागत नाही. मी म्हणालो, "बारामतीकडचे."

"म्हंजी आपल्यातलेच की."

जाधव आणि बारामती, एवढ्यावरून त्यांनी आम्हाला मराठा धरलं होतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. त्या नुसतं म्हणाल्या होत्या, मी भाकरी मोडत राहिलो असतो तरी चाललं असतं. पण सकाळपासूनची ती दोन दारं डोळ्यांपुढं होती आणि वरचं ते टेबल होतं. मी म्हणालो, "व्हय. आपल्यातलेच."

ऋतुजाच्या हातातला घास ताटात परत गेला. अन्न टाकायचं नाही हे तिला आम्हीच शिकवलंय, म्हणून तिनं ताट संपवलं, आणि मग उठून ते घासायलाही घेतलं. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं बाई, पाहुनी हायेस." तिनं ऐकलं नाही. मी एका महिन्याचं भाडं आगाऊ दिलं आणि आम्ही निघालो.

येताना गाडीत निम्म्या जागा मोकळ्या होत्या. विसापूर फाट्यापर्यंत ती तिकिटाची घडी घालत आणि उलगडत राहिली. मग खिडकीकडे बघतच म्हणाली, "चार वर्षं काय सांगत बसू मी?"

"कोण विचारतंय रोज उठून?"

"आई भेटायला आली, तिला विचारलं तर? चौदा एप्रिलला मी घरी येनार, तर कशाला चालली म्हनून सांगू?"

"तेवढ्यापुरतं काहीतरी सांगायचं. खोली चांगली हाय, बाई चांगल्या हायेत. डोकं शांत ठेव."

"बाई चांगल्या हायेत म्हनूनच म्हनते," ती म्हणाली. सकाळी दोन ठिकाणी खरं सांगणारा बाप आणि दुपारी खोटं बोलणारा बाप, दोन्ही तिनं एकाच दिवसात बघितले. मी तिला सांगायला हवं होतं की मी घाबरलो. ते मी सांगितलं नाही, कंडक्टरकडून उरलेले सुट्टे पैसे मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात गाडी पुसत होतो. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मी काकूंना फोन केला."

"काय सांगितलं?"

"आपन कोन ते."

"मग काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. बरं म्हनल्या. ठेवते म्हनल्या."

मी तिच्यावर ओरडलो. अशी खोली परत मिळणार आहे का, एवढी अक्कल होती तर तिथंच का नाही बोललीस, असं बरंच काही. ती म्हणाली, "तिथं बोलले असते तर तुमी खोटे पडला असता. जेवत हुता तुमी." आणि आत गेली. तिची आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

दुपारी काकूंचा फोन आला. आवाज कालचाच, मऊ. म्हणाल्या, "सर, मला जातीपातीचं काय न्हाई. माझ्या मालकांचे कितीतरी दोस्त तुमच्यातले हुते, घरी जेवून जायचे. पन तुमी माझ्या घरात बसून, माझ्या ताटात जेवताना खोटं बोलला. खोटं बोलनाऱ्याला मी घर कसं देऊ, सांगा? पैशे मी मुलाला सांगून माघारी पाठवलेत. पोरगी गुनाची हाय हो तुमची."

मी "बरं" म्हणालो.

तो फोन मी मनात किती वेळा ऐकला असेल. कधी वाटतं बाई मनापासून बोलल्या. मी सरळ सांगितलं असतं तर त्यांनी भाकरीचा तोच चतकोर वाढला असता, आणि ऋतुजा आज त्या टेबलाशी बसली असती. कधी वाटतं, यांच्याही सासूबाई किंवा भाऊ निघालेच असते, मी फक्त त्यांचं काम सोपं केलं. सावेडीतल्या त्या दोघी मला काय समजल्या ते मला ठाऊक आहे, त्यांचा राग करता येतो. या बाईंचा राग करायचा हक्कही मी त्या एका 'व्हय'मध्ये घालवून बसलो.

पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी. या वेळी गादी, बादली, पुस्तकांचं खोकं आणि तिची आई. स्टेशनच्या बाजूच्या त्या सहा कॉटांच्या हॉलमधली एक कॉट अजून रिकामी होती. मालकांनी वही काढली आणि पूर्ण नाव विचारलं. ऋतुजानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि त्यांनी न विचारताच म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत." मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं. साडेआठच्या आत यायचं," म्हणाले आणि वहीत फक्त फोन नंबर लिहून घेतला. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला फार वाईट वाटलं. सतरा-अठराच्या वयात कॉट घेताना पहिलं वाक्य हे बोलायची तिला गरज नव्हती. ते तिच्या तोंडी मी घातलं होतं.

निरोप घेताना ती आईच्या गळ्यात पडून रडली. मला म्हणाली, "नीट जावा." परतीच्या गाडीत आम्ही नवराबायको एका बाकावर बसलो. बायकोनं काष्टी येईपर्यंत डोळे मिटून घेतले होते, झोपली नव्हती.

याला आता दोन महिने झाले. ती रोज संध्याकाळी फोन करते, आईशी जास्त बोलते, माझ्याशीही बोलते. प्रॅक्टिकल जमतंय, मैत्रिणी झाल्यात, त्या रोज दोन रिक्षांचं मात्र जिवावर येतं. हॉलजवळच्या खाणावळीचं जेवण तिला मानवत नव्हतं, म्हणून गेल्या आठवड्यात मी ओळखीच्या एका मास्तरांकडून डबा करणाऱ्या बाईंचा नंबर मिळवला आणि फोन करून सगळं ठरवलं. दोन वेळचा डबा, महिना सव्वीसशे, रविवारी संध्याकाळी सुट्टी. मग ऋतुजाला कळवलं की उद्यापासून डबा सुरू, संध्याकाळी जाऊन भेटून ये, बाई बोलायला चांगल्या वाटल्या.

तिनं बाईंचा नंबर लिहून घेतला. मग अगदी साध्या आवाजात, भाजी कोणती असं विचारावं तसं, तिनं विचारलं, "पप्पा, त्यांना आपलं काय सांगितलंय तुमी?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "तिखट कमी टाका, एवढंच."

"बरं," ती म्हणाली. "मग मी सांगते."