तपासलेली पोरगी

आत्याच्या घरात सून म्हणून जायचं, हे मी पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. आमच्याकडे मामाची पोरगी करतातच, पोरीला विचारायची पद्धत नाही. पण मला आत्याचा पोरगा आवडायचाही. शिरोलीला फौंड्रीत कामाला होता, बोलायचा कमी, माझ्याकडे बघून हसायचा. तेवढ्यावर मी खूश होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा ताईच्या बाळाला थॅलेसेमिया निघाला. दर महिन्याला रक्त चढवायचं. राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडतं, तेव्हा घरातल्या लग्नाच्या मुलांनी रक्त तपासून घ्या. शिकलेली म्हणून मी मोठ्या तोऱ्यात गेले. माझ्यातही दोष निघाला. बाई म्हणाल्या, "तुला काही होत नाही. नवऱ्यात नसला की झालं. त्याचं तेवढं बघून घ्या."

तेवढं! आत्या मुरगूडहून तणतणत आली, मागं तो.

"माझ्या पोराचं रगात कशाला बघायचं? त्याला काय धाड भरलीया? खोट हिच्यात निघाली न्हवं?"

"आक्का, दोघांत असली तरच भ्या हाय," बाबा म्हणाले.

"मग एकीत हाय की! आनि काय पायजे?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो चपला शोधत होता.

आता गंमत ऐका. आत्याला माहेर तोडायचं नव्हतं, सून भावाचीच हवी होती. तिनं माझ्या काकांची पोरगी केली. तेच घर, तेच आजोबा, फक्त हिला सुई टोचलेली नव्हती. तपासलं नाही म्हणजे दोष नाही, हे शास्त्र आमच्या घरात एकमतानं पास झालं. मी त्या चुलतबहिणीला म्हटलं, "बाई, तू तरी तपासून घे." ती म्हणाली, "नगं गं, तपासलं तर निघंल की!" तिला हळद मीच लावली. बायका म्हणत होत्या, किती मोठ्या मनाची पोरगी.

माझी कीर्ती तोवर कागल तालुकाभर झाली होती. बघायला येणारे पावणे चहा संपवून हळूच विचारायचे, "हिला बी रगात चढवाय लागतं व्हय?"

वर्षभरात बहिणीला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी कुणाचं न ऐकता तिचं रक्त घेतलं. दोष होताच. आता त्याचं बघणं आलं. आत्यानं देव पाण्यात घातले आणि मला फोन केला, "तू म्हाईतगार हाईस बाळ, जा की त्यांच्यासंगं." वा! खोट असलेली पोरगी आता माहीतगार झाली. तरी गेले. पोटातल्या बाळाची काळजी मलाही होती.

त्याच्यात काही निघालं नाही. बाळाला धोका नव्हता. बहीण माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले, आणि तो आनंद खोटा नव्हता. आत्यानं दवाखान्यातच पेढे वाटले. "माझ्या पोराचं रगात म्हंजे सोनं!" भेटेल त्याला ती सांगत सुटली.

सगळे खाली उतरले. तो जिन्यात माझ्यासाठी थांबला होता. जन्मात पहिल्यांदा आपणहून बोलला.

"म्हंजे तवाच तपासलं असतं तर..."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"व्हय," मी म्हटलं, "चाललं असतं. जा आता, ती रिक्षात वाट बघतीया."