घट्ट रक्त

चंद्रपुरात मी रक्त तपासायच्या कामावर होतो तेव्हा खाणीतला एक माणूस दर महिन्याला यायचा. बाकावर चामोर्शीकडची, रक्त कमी असलेली पांढरीफटक माणसं बसलेली असत. त्यांच्यादेखत तो दंड थोपटायचा. "माह्यं पाहा... कसं घट्ट हाये!" दोन शब्द झाले की तो श्वासासाठी थांबायचा, आणि त्या थांबण्यातही ऐट असायची. नखं मात्र जांभळी.

डॉक्टर त्याला समजावून दमले. "भाऊ, फुप्फुसं कोळशानं गेली. हवा पुरत नाही म्हणून शरीर रक्त वाढवून राह्यलं. ते घट्ट रक्त ढकलता ढकलता हृदय बसेल." तो हसायचा. रक्त कमी असणं म्हणजे आजार, एवढंच आमच्या मुलखाला ठाऊक. मला त्या हसण्याचा संताप यायचा.

शेवटी डॉक्टरांनी रक्ताच्या रिपोर्टसोबत खाणीच्या साहेबासाठी चिठ्ठी दिली: याला खाली उतरवू नका, वर हलकं काम द्या. पुढच्या महिन्यात ती त्याच्या खिशातच दिसली.

"काऊन नाई दिली?" मी ओरडलोच.

"साहेबानं... रिपोर्ट आधी पाह्यला. पाठीवर थाप मारली. म्हणे, रक्त तं... पहिलवानाचं हाये." त्याची छाती भात्यासारखी हलत होती आणि चेहरा खुलला होता. "मंग चिठ्ठी... कशी देऊ, भाऊ?"