अणदूरच्या शर्यतीत रंभा

लढाईचे दिवस. तामलवाडीच्या करोडगिरी नाक्यावर (जकात नाका) निजामाच्या शिपायाने माझी पिशवी उलटीपालटी केली, तेव्हाच आल्या वाटेने सोलापूरला परतावंसं वाटलं. पण तांगेवाला बसप्पा ऐकेना. अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत त्याला आपली तांग्याची घोडी रंभा शर्यतीत उतरवायची होती. जिंकेल त्याचं जनावर पालखीपुढं चालतं.

"गेल्या साली पाटलाची मानसं म्हनली, भाड्याचं जनावर देवापुढं नको. औंदा दावतोच, मास्तर!" लगाम झटकत म्हातारा म्हणाला.

अणदुरात आधी पोटोबा. वांग्याचं भरीत आणि रोडगा (निखाऱ्यांत भाजलेला कणकेचा जाड गोळा) असा हादडला की बसवेना. मग मैदान. खांबांतून नागमोडी जायचं, कडब्याच्या पेंढ्यांवरून उडी, जमिनीतली मेख भाल्याने उपटून परत रेघेपाशी. वेळ मोजणार जंगमस्वामी, रुद्राक्षाच्या माळेवर! मी ऐटीत मनगटावरचं घड्याळ पुढं केलं.

"ह्याला चावी कोन देतं?" स्वामींनी विचारलं.

"मी."

"मग ऱ्हाऊ द्या."

घ्या! मी मनगट मागे घेतलं.

पाटलाच्या मुलाचा घोडा नव्वद मण्यांत परतला. मग बसप्पा. अहो, तांग्यापुढं पेंगणारी ती हीच का? खांब झाले, पेंढ्या झाल्या, मेख भाल्यावर आली. स्वामी सत्तराव्या मण्यावर आणि रंभा रेघेपासून वीस हातांवर! मला राहवेना. "शाब्बास!" म्हणत मी दोन्ही हात उंच केले.

रंभा माझ्यापुढं येऊन थांबली.

"हात खाली घ्या!" बसप्पा ओरडला. "हात केला की थांबती ती! बसनारं मानूस वाटतंय तिला!"

त्याने टाच मारली, चुचकारलं, शिव्या घातल्या. घोडी मी बसायची वाट पाहत राहिली. माळ संपली. लोक पोट धरून हसत होते. बसप्पाने पटक्याच्या टोकाने डोळे पुसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पालखी निघाली. पाटलाच्या घोड्याला हळू चालणं जमेना. हलगी कडाडली तसा तो पाटलाच्या मुलासकट नळदुर्गच्या वाटेने जो उधळला, तो दिसेनासाच झाला. पालखीपुढची जागा मोकळी.

"बसप्पा, आना तुमची घोडी," स्वामी म्हणाले.

रंभा पुढं झाली. भंडारा उधळायला कुणी हात वर केला की ती थांबे, आणि मागे पालखीही. उंबऱ्याउंबऱ्यावर म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या डोळे भरून दर्शन घेत होत्या. एक आजी म्हणाली, "लई वर्सांनी देव दारात थांबला, बाबा." बसप्पा ढसाढसा रडला. खोटं कशाला सांगू, मीही रडलो. देऊळ गाठेपर्यंत दिवस मावळला.

पळण्याची शर्यत लावून हळू चालण्याचा मान देणाऱ्या अणदूरकरांना मी मनात बरीच नावं ठेवली होती. दुसऱ्या दिवशी परतताना ती मुकाट्याने मागे घेतली. वाटेत एका गाडीवानाने बसप्पाला विचारलं, "कोन जिंकलं?"

"पाटलाचा घोडा," बसप्पा म्हणाला. "पर देव आमच्या चालीनं आला."