टेलस्टॉकखालचं कुंकू

मला राग लवकर येतो, आणि तो माझा मला कधीच येत नाही.

लोणंदच्या माझ्या शेडमध्ये एक लहान मिलिंग मशीन आहे. लोखंडी रोलरचं एक टोक रोटरीच्या, म्हणजे फिरत्या चकाच्या, जबड्यात आवळायचं, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकच्या टोकदार सेंटरचा आधार द्यायचा आणि रोलर थोडा थोडा फिरवत त्यावर लांब खाचा पाडायच्या. दहिवडीच्या एका रसवंतीवाल्याने चरकाचे तीन रोलर दिले होते. दोन मी वाया घालवले. खाच एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला उथळ! "तिसरा बिघडला तर मी काम वाईला नेतो," तो तोंडावर म्हणाला.

मशीन विकणाऱ्याला मी फोनवर नको नको ते बोललो. मग रोटरीखाली पितळी पत्र्याचे तुकडे सारत उंची जुळवत बसलो. अख्खी सकाळ गेली, पण उंचीतला फरक दाखवणाऱ्या डायलचा काटा ऐकेल तर शपथ. शेवटी गल्लीतल्या चाचांना बोलावलं. उभा जन्म लेथवर काढलेला माणूस, आता घरीच असतो.

चाचांनी ते तुकडे बघितले. "हे कुनाचं डोकं?"

"माझंच."

"काढ सगळं."

एक सरळ दांडा त्यांनी रोटरी आणि सेंटरच्या मध्ये धरला. डायल आधी बाजूने फिरवला, मग वरून. "बाजूनं बराबर हाय रं. टेलस्टॉक उचललाय." बोल्ट सोडून त्यांनी तो उताणा केला, बुडावरून तळहात फिरवला. नखाएवढ्या जागेवर हात थांबला. मला तर काहीच दिसेना. त्यांनी ब्लेडनं खरवडलं, तसा लाल पापुद्रा सुटला.

कुंकू! खंडेनवमीला मी टेलस्टॉक सुटा करून, धुऊन पाटावर पुजला होता आणि कुंकवाच्या तेलकट बोटांनी तसाच परत बसवला होता. तेव्हापासून या रोलरांपर्यंत त्याची गरज पडेल असं कामच आलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुसून टाकायला मी फडकं उचललं.

"थांब." चाचांनी तो चुरा कागदावर घेतला, पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "पायात नगं पडाय. तुळशीत टाक."

काय माणूस! पूजा माझी, आणि जपली त्यांनी.

टेलस्टॉक पुन्हा बसवला. डायल या टोकाकडून त्या टोकाला गेला, काटा जागचा हलला नाही. मी तिसरा रोलर चढवला. चाचा स्टुलावर बसून राहिले. पहिली खाच पडली, दोन्ही टोकांना मोजली. अगदी सारखी!

मी त्यांचे पाय धरायला वाकलो.

"आवं चाचा, तुमी नसता तर..."

"माझं ऱ्हाऊ दे. ज्याला शिव्या दिल्यास त्याला आदी फोन लाव."

मी लावला. पलीकडून त्याने 'हॅलो' म्हटलं आणि माझा अंगठा लाल बटणाकडे गेला. पण चाचा समोरच बसले होते, त्यामुळे फोन ठेवता आला नाही.