पुत्रवंतीचं झाड

मला एका जागी बसवत नाही. शिकवतानासुद्धा फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत माझ्या येरझाऱ्या चालू असतात, आणि पोरं मागून मला 'पंखा' म्हणतात हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणेनात का! पण त्या चैत्रात मी घरातही नुसती गरगरत होते. सासूबाई केनवडहून आल्या होत्या. दिवाळीला आल्या तेव्हा स्वयंपाकघरात, मला नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं, त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं, "मंग दुसरी पाहाची का?" नवरा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याचं ते गप्प राहणं तेव्हापासून माझ्या डोक्यात भणभणत होतं. आता या खेपेला त्या काय ठरवून आल्या असतील?

लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही, एवढीच गोष्ट. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, सुया झाल्या, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्यात काही दोष नाही, आता मिस्टरांना पाठवा. मिस्टर म्हणाले, "मले काय झालं? धडधाकट हाव मी. आन् आईले यातलं काही सांगू नको, उगाच जिवाले लावून घेईन." नाही सांगितलं. रोज तोंडाशी यायचं, रोज गिळायचे. सासूबाई मात्र मनातलं काहीच गिळत नसत.

मी वाशिमला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पुस्तकातल्या आकृत्यांवर माझा भरवसा नाही, म्हणून पोरांना घेऊन गावातल्या बागेत जाते. बाग म्हणजे काय, दोन मोडके झोपाळे, एक बंद पडलेलं कारंजं आणि सेल्फीसाठी रंगवलेलं एक हृदय. पण झाडं चांगली आहेत. बोगनवेलीचं रंगीत असतं ते फूल नव्हे, पान आहे. खरं फूल आतलं, बारीक, पांढरट. हे दाखवलं की पोरं दर वर्षी "हट्, काहीही मॅडम" म्हणतात. उंबर फोडून आतली फुलं दाखवली की पोरी ओरडतात, आतून चिलटं निघतात म्हणून. मला बाई तिथं बरं वाटतं. तिथं मी चालत राहिले तरी कोणी म्हणत नाही की जरा बूड टेकव.

तर सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा पिता पिता मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. कोणीतरी दाढीवाला रीलमध्ये एक झाड दाखवत होता.

"हे पाय. पुत्रवंती. याच्या बियांची माळ गळ्यात घातली का वर्षाच्या आत पाळना हालते. कामरगावच्या माह्या भाचसुनेचा हालला. तुमच्या वाशिमात हाय का असं झाड?"

"आहे की, बागेत," मी बोलून गेले. जीभ हासडून ठेवावीशी वाटली. पण झाडाचं नाव निघालं की माझ्याच्यानं राहवत नाही, काय करू!

झालं. त्यांनी पिशवीतून काळा दोरा काढला, माळ ओवायला घरूनच आणलेला. नवऱ्यानं स्कूटर काढली आणि आम्ही तिघं ट्रिपल सीट निघालो. रस्ताभर माझा जीव जळत होता. उद्या मी परागीभवन शिकवायला उभी राहणार आणि गळ्यात बियांची माळ! पोरं काय म्हणतील ते सोडा, मीच स्वतःला काय म्हणणार? नवरा फाटकापाशीच रसवंतीच्या सावलीत थांबला. म्हणाला, "तुमी या जाऊन." त्याला काय, मोबाईल होता.

पुत्रवंतीचं झाड मागच्या कुंपणाशी आहे. गर्द हिरवं, फांद्या खाली लोंबलेल्या. सासूबाई खाली बसून पाचोळा चाळू लागल्या. इकडून चाळला, तिकडून चाळला, एक बी सापडेना. फुलझाडांना पाइपनं पाणी देणारा चौकीदार लांबूनच ओरडला, "काय शोधून राह्यले मावशी? त्याले काही लागत नाई. वांझ हाय ते झाड. लय बाया येतात अन् तशाच जातात."

सासूबाई हात झटकत उठल्या. "घ्या! आमच्या नशिबाले झाडबी वांझच भेटलं."

'बी'. त्या 'बी'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चालून चालून, गिळून गिळून इतकी वर्षं जे दाबलं होतं ते सगळं वर आलं, आणि नवऱ्यावर किंवा त्यांच्यावर निघायचं ते झाडावर निघालं. मी एक डहाळी खस्सकन ओढली.

"वांझ नाही हे! काही वांझ नाही! हे पाहा."

पर्समधलं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. पानांच्या बेचक्यात पिवळसर फुलांचे बारके गुच्छ होते. डहाळी त्यांच्या तळव्यावर झटकली, तशी पिवळी भुकटी पडली.

"हा पराग. या झाडाला नुसती नराची फुलं येतात. मादीचं झाड वेगळं असतं, फळ तिला धरतं, ते इथं नाही. हे झाड गडी आहे, आई. त्याला फळ लागणार कसं?"

सासूबाईंनी तळवा डोळ्याशी नेला. मग भिंगातून पाहिलं. मग उगाच वास घेतला.

"पपईत नर निघते, तसं?"

"तसंच."

"अवं, पण पपईतल्या नराले तर आमी नरच म्हनतो. वांझ कोनी म्हनत नाई." त्या झाडाकडे मान वर करून बघत राहिल्या. "अन् याले कायले म्हनून राह्यले सगळे?"

"नाव पुत्रवंती ना. नाव बाईचं, म्हणून सगळ्यांनी बाई धरली."

 बास, आता सांगूनच टाकावं, असं मनात आलं, आणि 'आईले सांगू नको' आठवून पुन्हा गिळलं. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र गिळता येईना. मी तोंड फिरवून त्या बंद कारंज्याभोवती चालायला लागले. एक फेरी झाली, दुसरी झाली. सासूबाई झाडाखालीच उभ्या होत्या, तळव्यावरच्या भुकटीकडे बघत. काय चाललं होतं त्यांच्या मनात कोण जाणे.

"चाल," त्या एकदम म्हणाल्या आणि माझ्या पुढं फाटकाकडं निघाल्या. पदरानं हात पुसला नाही, तसाच धरून चालल्या.

नवऱ्यानं मोबाईल खिशात घातला. "भेटल्या का बिया?"

"तुही तपासनी झाली का रे?" सासूबाईंनी विचारलं.

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. चेहरा लालबुंद. "सांगतलं का हिनं तुले?"

"हिनं तोंडातून शब्द नाई काढला. तूच सांगतलं आता."

रसवंतीवाल्यानं घुंगरं वाजवत ऊस आत सरकवला. नवरा आवाज खाली आणून म्हणाला, "आई, गावातले लोक काय म्हनतीन मले?"

"हिले इतके वर्षं म्हनूनच राह्यले ना लोक. मी बी म्हनलं. तवा नाई आयकू आलं तुले?"

तो स्कूटरची किल्ली चाचपायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय जागच्या जागी थांबले होते. सासूबाईंनी तो काळा दोरा त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबला, मला मधे बसवलं आणि स्वतः मागं बसल्या. स्कूटर घराच्या दिशेनं वळायला लागली तशी त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून त्याच्या पाठीवर थाप मारली. पांढऱ्या शर्टावर त्यांच्या बोटांचे पिवळे ठसे उठले.

"घराकडं नको. दवाखान्याकडं घे."