आई, मुलगी आणि मधली खुर्ची

आरोग्याच्या अभ्यासासाठी आई आणि मुलीला एकत्र बसवून प्रश्न विचारायचे, हे माझं काम. जळगाव-धुळ्यात चार वर्षं हेच करतेय. उत्तरं अहवालात जातात, किस्से माझ्याकडे साठतात. कुणाला सांगितले नाहीत तर डोकं फिरेल माझं!

*

शिरपूरजवळ एका घरात वडील दोघींच्या मधे खुर्ची टाकून बसले. "मला विचारा. यांना काय कळतं?" मी दोनदा विनवलं, हलले नाहीत. मग मीही फॉर्म उघडून विचारलं, "नाना, तुमची पाळी महिन्याच्या महिन्याला येते का?"

नाना उठले. खुर्चीही घेऊन गेले.

*

प्रश्नावली शहरातल्या साहेबांनी लिहिलेली. "श्वेतस्राव होतो का?" मी वाचलं तसं विचारलं. मायलेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी आई म्हणाली, "श्वेता आमनी गल्लीमा राहस नही."

अंगावरून पांढरं जातं का, एवढं साधं लिहायला काय जातं यांचं? मी साहेबांना फोन केला. म्हणाले, "मॅडम, ते कागदावर बरं दिसत नाही." अस्सा संताप आला!

*

जळगावात एका व्यापाऱ्याच्या घरी वीस वर्षांच्या मुलीची सगळी उत्तरं आईच देत होती. चक्कर येते? "छे." पाळीत दुखतं? "अजिबात नाही." मुलगी पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलेली! मी पिशवीकडे बोट दाखवलं.

"स्थळं बघतोय ताई," आई म्हणाली. "आत्ताच कशाला दुखणं लिहिता?"

*

चाळीसगावकडच्या मंगलबाईंचं गर्भाशय खाली उतरलेलं. अंग बाहेर येतं, असं बायका म्हणतात. फडकं बांधून त्या शेतात निंदायला जातात. शेजारी बसलेल्या वैशालीला, त्यांच्या मुलीला, हे त्या दिवशीच कळलं.

"कवयपाईन?" कधीपासून, असं तिने विचारलं.

"तुना जलमपाईन."

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून किती वर्षं झाली, पण दर वेळी घरात दुसरंच काहीतरी आधी येतं. मी विचारलं, "मग आता तारीख ठरली का?"

मंगलबाईंचा चेहरा खुलला. "ठरनी ना! पुढला महिनामा." मला फार बरं वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पोऱ्या चांगला शे. नोकरी शे."

म्हणजे वैशालीच्या लग्नाची तारीख! ऑपरेशन पुन्हा मागे. मी चिडून पेन खाली ठेवलं.

वैशालीने मोबाइल घेतला आणि वडिलांना फोन लावला.

"आबा, मनी तारीख ऱ्हाऊ द्या. पहिले मायनी काढा."