पाळीनं बांधलेलं घड्याळ

सांगलीहून कार्ड आलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि लग्नाला नऊ महिने झाले होते. त्यातले जेमतेम चाळीस दिवस हे घरी होते. बाकीचे दिवस पलटणीत, सीमेवर. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. मलकापूरजवळच्या आमच्या वस्तीवर, उसाच्या कडेला, त्या घरात मी आणि सासूबाई अशा दोघीच राहत होतो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

कार्डावर छापील मजकूर होता आणि मधल्या रिकाम्या जागेत शाईनं यांचं नाव लिहिलेलं. तुमचा नंबर लागला आहे, दहा दिवसांत घड्याळ घेऊन जावे, अर्जदाराने स्वतः यावे अथवा सहीचे पत्र पाठवावे, न आल्यास नंबर रद्द होईल.

ते साल एकाहत्तर. परदेशी घड्याळ हवं असलं की लोक मुंबईहून चोरटा माल आणवत. यांच्या पलटणीत एका जवानाच्या हातावर तसलं घड्याळ सापडलं, त्याची चौकशी झाली, आणि तेव्हापासून यांनी ठरवलं होतं की घ्यायचं तर अधिकृत दुकानातून, शिक्क्याच्या पावतीवर. सांगलीत तसं एकच दुकान होतं आणि तिथं परवान्यावर मोजकीच घड्याळं यायची. म्हणून यादी. यांनी लग्नाच्या आधीच नाव घालून सगळे पैसे भरून ठेवले होते.

सीमेवर पत्र जाऊन उत्तर यायला तीन आठवडे लागायचे. हातात दहा दिवस.

"मग तूच लिव्ह की," आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या. "त्याची सई बघितलीस न्हवं?"

"आवं, पण ती खोटी सही हुईल."

"नवऱ्याची सई बायकूनं केली तर कसली खोटी?"

मी सातवी शिकलेली. खोट्या सहीला तुरुंग असतो हे आमच्या मास्तरांनी वर्गात सांगितलेलं मला पक्कं आठवत होतं. तरी मी यांचं शेवटचं पत्र पुढं ठेवून पाटीवर सही गिरवली. चार दिवस गिरवली. मग एका कागदावर लिहिलं, माझ्या पत्नीकडे घड्याळ द्यावे, आणि खाली ती सही केली. कागदावर टाक टेकवला तेव्हा माझ्या काखा घामानं भिजल्या होत्या.

आठव्या दिवशी आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं निघालो. आत्याबाई शिवारात कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत; बांध कोरणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा खुरपं घेऊन पळवलं होतं. पण गाडी सांगलीत शिरली आणि त्यांनी माझा दंड धरला तो दुकानात शिरल्यावरही सोडला नाही. माझ्या पिशवीत ते खोटं पत्र होतं आणि यांचं खरं पत्रही होतं. खरं का घेतलं होतं, मला सांगता येणार नाही. जवळ असावं म्हणून.

दुकानाला काचेचं दार होतं. ते ढकलायचं की ओढायचं हे आम्हाला कळेना. आतल्या माणसानंच उघडलं. आत इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक अंगावर आल्यासारखी वाटली. काउंटरपाशी एक हवालदार उभा होता. तो आपलं घड्याळ दुरुस्तीला द्यायला आला होता हे मला नंतर समजलं. त्या वेळी मला फक्त खाकी दिसली आणि मी पिशवी छातीशी धरली.

दुकानाचे मालक साठीचे, कोटटोपीतले गृहस्थ. त्यांनी कार्ड घेतलं, वही काढली, यांचा अर्ज शोधला. मग माझं पत्र अर्जाशेजारी ठेवलं आणि डोळ्याला बारकं भिंग लावलं. घड्याळाची चाकं बघायचं ते भिंग. एकदा इकडं, एकदा तिकडं. मला वाटलं, त्यातून त्यांना माझे चार दिवस दिसतायत, पाटीसकट.

"बाई," ते हळू म्हणाले, "ही सही केलेली नाही. काढलेली आहे."

हवालदारानं मान वळवली.

तेवढ्यात माझ्या दंडावरचा हात सुटला आणि आत्याबाई पुढं झाल्या.

"सई म्या केली," त्या म्हणाल्या. "हिला कायबी ठावं न्हाई. धरायचं तर मला धरा."

मालकांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग एक कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढं सरकवलं. आत्याबाईंनी पेन उचललं. मुठीत धरलं, खुरपं धरावं तसं. कागदावर टेकवलं आणि तिथंच थांबल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. जन्मभर त्यांनी अंगठाच दिला होता. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मी रडायला लागले. "मी केली," म्हणाले, "मीच केली. हे फौजेत आहेत. पत्र वेळेत येणार नव्हतं." आणि आपण बायकोच आहोत हे दाखवायला मी पिशवीतलं खरं पत्र काढून पुढं केलं. पुढं केल्यावर आठवलं की त्यात काय काय लिहिलंय. नव्या नवऱ्यानं लांबून बायकोला लिहावं तसं होतं ते पत्र. मागं घ्यावं तर उशीर झाला होता. मालक वाचत होते.

त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग घडी अशी घातली की खालच्या दोनच ओळी आणि सही बाहेर राहिली. त्या ओळींवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय? वाचा."

मी वाचलं. "सांगलीचं कार्ड आलं तर आईला घेऊन जा आणि घड्याळ आणून ठेव."

"मग झालं की! हेच सहीचं पत्र. दुसरं कशाला काढत बसलात?" त्यांनी माझा खोटा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. हवालदार आपलं घड्याळ कानाला लावून बघत होता. त्यानं आमच्याकडं परत पाहिलंसुद्धा नाही.

इतके दिवस ते पत्र मी उशाला घेऊन झोपत होते, आणि त्यातल्या वरच्या ओळी वाचता वाचता खालच्या दोन ओळी माझ्या ध्यानातच आल्या नव्हत्या.

घड्याळ मखमलीच्या पेटीत होतं. पांढरी तबकडी, बारीक काटे, पोलादी पट्टा. मालकांनी ते हातात धरून हलकेच हलवलं. "याला किल्ली द्यावी लागत नाही," ते म्हणाले. "ऑटोमॅटिक आहे. माणसाच्या हाताच्या हालचालीवर चालतं. हातावर असेल तोवर चालू. काढून ठेवलं तर दीड दिवसात बंद पडेल."

ते आपलं माहिती म्हणून सांगत होते. पण आत्याबाईंचा चेहरा मी पाहिला. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेलाच त्या थांबल्या.

"त्याचं घड्याळ हाय," त्या म्हणाल्या. "ते बंद पडू द्यायचं न्हाई. तो येस्तवर न्हाई."

त्यात अर्थ नाही असं मला म्हणता आलं नाही, कारण तीच भीती मलाही वाटली होती.

घरी आल्यावर आम्ही पाळी लावली. एक दिवस त्यांच्या हातावर, एक दिवस माझ्या. पट्टा दोघींनाही सैल. दंडावर चढवून, वरून फडकं बांधून आम्ही कामं करायचो. भाकरी थापताना, गोठा झाडताना, उसातलं तण भांगलताना घड्याळ चालत राहायचं. कुणी विचारलं तर आत्याबाई सांगायच्या, दंड मुरगळलाय. आठवड्यानं दोघींचेही दंड मुरगळलेले बघून शेजारणीनं तोंडाला पदर लावला.

मग लढाई लागली. पत्रं बंद झाली. चावडीवरच्या रेडिओपाशी माणसं जमायची. आम्ही लांब उभ्या राहून ऐकायचो आणि यांच्या पलटणीचं नाव येतंय का याची धास्ती घ्यायचो. आलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, आलं नाही म्हणजे काय? त्या दिवसांत आम्ही एकमेकींना यांच्याबद्दल काही विचारत नव्हतो. फक्त सकाळी उठल्यावर घड्याळ कानाला लावायचो.

माझ्या पाळीच्या एका दिवशी मला सणसणून ताप भरला. मी घड्याळ काढून पेटीत ठेवलं आणि पडून राहिले. आत्याबाई माझ्या अंथरुणापाशी काढा घेऊन बसलेल्या. त्यांनाही घड्याळाची आठवण राहिली नाही, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला तशी मी पेटी उघडली. काटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबले होते.

मी ते हलवलं. पुन्हा हलवलं. टिकटिक सुरू झाली. पण ते थांबलं होतं हे खरं होतं, आणि माझ्या हातून थांबलं होतं. साखर कारखान्याचा भोंगा होईपर्यंत मी तशीच बसून राहिले, मग भोंग्यावर काटे लावले आणि घड्याळ दंडावर चढवलं. आत्याबाईंना काही सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यांचा एकुलता एक मुलगा. वस्तीकडं कुणी सायकलवाला वळला की मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन उभी राहायची. तो तारवाला नाही हे दिसल्याशिवाय बाहेर यायची नाही. लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं, गावात साखर वाटली, तरी माझं भय उतरलं नाही. थांबायच्या आधी काय झालं असेल ते मला कुठं माहीत होतं?

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी टपालवाला आला तेव्हा मला लपायला वेळच मिळाला नाही. त्यानं दारातूनच हाक दिली, "फौजेचं पत्र हाय, वैनी!" अक्षर यांचंच होतं. डाव्या पायाला छर्रा लागला होता, इस्पितळात होते, पाय शाबूत होता. महिन्याभरात रजा मिळणार होती.

मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं की माझ्या तापात घड्याळ बंद पडलं होतं, चार वाजून दहा मिनिटांनी, आणि मी लपवलं.

त्यांनी माझ्या हातातलं पत्र घेऊन त्याची घडी घातली.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "म्या तवाच बघितलं व्हतं. तू तापानं फणफणत व्हतीस. तुजा हात सोडून घड्याळाला हात लावायचं मला धाडस झालं न्हाई."

"आणि मग हे अकरा दिवस?"

"तू भ्यालीस न्हवं? तशीच मी." त्यांनी माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "एकीनं बोललं असतं तर दुसरीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

हे आले ते कुबडी घेऊन. फाट्यावर बैलगाडी नेली होती. घरात येऊन टेकल्यावर मी पेटी पुढं केली. यांनी घड्याळ हातावर बांधलं, खिडकीपाशी धरून तबकडी बघितली, पाठीमागं कोरलेली अक्षरं वाचली आणि म्हणाले, "काचेवर ओरखडे कसले गं? नवं असून?"

आत्याबाई भाकरी थापत होत्या. "आमीच वापरलंय," त्या मागं न बघता म्हणाल्या. "जेवायला बस."